शून्याच्या कोणत्या बाजूने? ग्रीन फंक्शनची पुस्तकं आणि एका बारीक चिन्हाची उपेक्षा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी माझ्या कोडने मला सांगितलं की एका अणूवर दोन इलेक्ट्रॉन एकत्र सापडण्याची संभाव्यता −०.२४९७ आहे. उणे! आधी वाटलं कुठेतरी चिन्ह चुकलं असेल. दोन तास चिन्हं तपासली, सगळी बरोबर. मग वाटलं वारंवारता कमी घेतल्यात. हजाराच्या दहा हजार केल्या. उत्तर −०.२४९७ वरून आणखी नेटाने −०.२५ कडे सरकलं. म्हणजे कोड डळमळीत नव्हता. तो ठामपणे, शांतपणे, व्यवस्थित अभिसरण पावत चुकीचं उत्तर देत होता.

चूक सापडली ती एका चिन्हात: ०⁺. हे चिन्ह मी पुस्तकात किमान पन्नास वेळा पाहिलं होतं आणि पन्नास वेळा त्यावरून नजर फिरवून पुढे गेलो होतो. आजची पोस्ट त्या चिन्हाबद्दल आहे. पण मुख्यतः ते आपल्याला ज्या पद्धतीने शिकवलं जातं त्याबद्दल आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: मेनी-बॉडी फिजिक्सच्या चांगल्या पुस्तकांत हा नियम चुकीचा दिलेला नाही, पण तो चुकीच्या नावाने आणि चुकीच्या जागी दिलेला आहे. म्हणून विद्यार्थी तो पाठ करतात, समजून घेत नाहीत, आणि मग ऋण संभाव्यता छापतात.

मुळात प्रश्न काय आहे

सगळ्यात सोपं उदाहरण घेऊ. एकच ऊर्जा-पातळी, तिची ऊर्जा क्साय (केमिकल पोटेन्शियल वजा करून). काल्पनिक काळातलं, म्हणजे मात्सुबारा ग्रीन फंक्शन असं लिहितात: जी(टाउ) = −⟨टी सी(टाउ) सी†(०)⟩. इथे 'टी' म्हणजे काळ-क्रम: ज्याचा काळ नंतरचा तो ऑपरेटर डावीकडे, आणि फर्मिऑनची अदलाबदल झाली की एक उणे चिन्ह.

आता टाउ थोडा धन असेल तर सी डावीकडे राहतो, आणि उत्तर येतं −(१ − एन). टाउ थोडा ऋण असेल तर सी† डावीकडे जातो, एक चिन्ह बदलतं, आणि उत्तर येतं +एन. इथे एन म्हणजे त्या पातळीचं सरासरी भरण, फर्मी फंक्शन. दोन्ही उत्तरांत बरोबर १ चा फरक आहे:

जी(०⁻) − जी(०⁺) = एन + (१ − एन) = १

हा १ कुठून आला? सी सी† + सी† सी = १, या अँटिकम्युटेटरमधून. म्हणजे टाउ = ० पाशी ग्रीन फंक्शन उडी मारतं, आणि उडीची उंची म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सचा मूळ नियमच. तापमान बदला, ऊर्जा बदला, आंतरक्रिया घाला, उडी १ च राहते.

मग बरोबर टाउ = ० ला जी किती? काळ-क्रमाच्या व्याख्येला विचारलं तर ती गप्प बसते. दोन्ही काळ समान असताना 'नंतरचा कोण' या प्रश्नाला अर्थच नाही. ही व्याख्येतली फट आहे, आणि ती आपल्याला बाहेरून माहिती आणून भरावी लागते. 'बाहेरून' हा शब्द लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

बेरीज काय करते

फूरिये रूपात हेच ग्रीन फंक्शन एकदम सभ्य दिसतं: १ भागिले (आय-ओमेगा − क्साय). भरण काढायचं तर सगळ्या मात्सुबारा वारंवारतांवर बेरीज करा आणि बीटाने भागा. पुस्तकं म्हणतात, बेरजेच्या आत 'ई'चा आय-ओमेगा-०⁺ इतका घात गुणा. याला ती म्हणतात कन्व्हर्जन्स फॅक्टर.

हा घटक विसरलो तर काय होतं? 'बेरीज अभिसरण पावणार नाही' असं नाव सुचवतं. पण प्रत्यक्षात आपण सगळेजण कोडमध्ये धन आणि ऋण वारंवारता जोडीने घेतो. जोडीने घेतल्या की १ भागिले आय-ओमेगा हे शेपूट एकमेकांत मरतं आणि बेरीज मुकाट्याने अभिसरण पावते. कशाकडे? एन कडे नाही. एन − ½ कडे.

यात गूढ काही नाही. खंडित फंक्शनची फूरिये मालिका उडीच्या जागी दोन्ही बाजूंची सरासरी देते, हे आपण एमएस्सीच्या गणिती पद्धतींच्या पेपरात शिकलेलो असतो. उडीच्या एका बाजूला एन, दुसऱ्या बाजूला एन − १, सरासरी एन − ½. बीटा गुणिले क्साय = २ घेतलं तर खरं भरण ०.११९२ आहे आणि जोडीची बेरीज −०.३८०८ कडे जाते. शंभर धन आणि शंभर ऋण वारंवारता घेतल्या तर या −०.३८०८ पासूनची उरलेली चूक साधारण ०.००१ असते. म्हणजे बेरीज पुरेशी लांब आहे, आणि तरी उत्तर अर्ध्याने चुकलंय.

माझी पहिली तक्रार इथेच आहे: कन्व्हर्जन्स फॅक्टर हे नाव दिशाभूल करतं. हा घटक बेरजेला वाचवायला आलेला नाही. तो बाजू निवडायला आलेला आहे. त्याला 'बाजू-निवड घटक' म्हटलं असतं तर माझ्यासारख्या विद्यार्थ्याने 'माझी बेरीज तर अभिसरण पावतेय, मग हा कशाला हवा?' असा विचार केला नसता. मी नेमका तोच विचार केला होता.

पुस्तकं काय म्हणतात

आता आपल्या शेल्फवरच्या पुस्तकांकडे वळू. सगळी मोठी पुस्तकं आहेत आणि मी त्यांच्याकडूनच शिकलोय, तेव्हा ही टीका शिष्याची आहे.

अब्रिकोसोव्ह, गॉर्कोव्ह आणि झ्यालोशिन्स्की यांचं पुस्तक इंग्रजीत १९६३ मध्ये आलं. समान काळाच्या ग्रीन फंक्शनचा अर्थ काळ ऋण बाजूने शून्याकडे नेऊन घ्यायचा, कारण आंतरक्रियेच्या हॅमिल्टोनियनमध्ये सी† कायम सी च्या डावीकडे असतो, असं ते सांगतं. नियम आणि कारण दोन्ही आहे. गोष्ट पूर्ण सांगितली आहे. पण इतक्या घाईत की पहिल्या वाचनात ते कारण आहे हे कळतच नाही, तपशील वाटतो.

फेटर आणि वालेका (१९७१) यांनी हा नियम फाइनमन आकृत्यांच्या नियमांच्या यादीतच टाकला. जी रेषा स्वतःवरच बंद होते, किंवा जिची दोन्ही टोकं एकाच आंतरक्रिया-रेषेला जोडलेली असतात, तिला तो घटक लावायचा. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे सगळ्यात उपयोगी आहे: कुठे लावायचा, कुठे नाही, हे यादीत स्पष्ट लिहिलंय. तोटाही यादीचाच. यादीतला नियम म्हणजे पाककृतीतलं 'चवीपुरतं मीठ'. आपण ते टाकतो, पण का टाकतो हे विचारत नाही. आणि ज्या दिवशी आपली आकृती यादीतल्या वर्णनात बसत नाही, त्या दिवशी आपण अडकतो.

नेगेले आणि ऑर्लंड (१९८८) माझ्या मते या प्रश्नावर सगळ्यात प्रामाणिक आहेत. ते पाथ इंटिग्रल काळाचे तुकडे करून बांधतात, आणि नॉर्मल-ऑर्डर केलेल्या हॅमिल्टोनियनमध्ये सी† च्या जागी येणारं चल एका पायरीने पुढचं आणि सी च्या जागी येणारं एका पायरीने मागचं असतं, हे डोळ्यांसमोर दिसतं. समान काळ असा काही प्रकारच उरत नाही. एक पायरी कायम मधे असते. ०⁺ म्हणजे ती एक पायरी, बस्स. किंमत अशी की निर्देशांकांची गर्दी होते आणि कंटाळा येतो. पण हा कंटाळा एकदा तरी सोसावा.

आल्टलँड आणि सायमन्स (पहिली आवृत्ती २००६) हे आजच्या पिढीचं लाडकं पुस्तक. कल्पना समजायला याच्यासारखं दुसरं नाही. पण तिथलं बहुतेक काम अखंड काळाच्या भाषेत चालतं. दोन्ही फील्ड एकाच टाउ वर लिहिलेली दिसतात, आणि मधली ती पायरी वाचकाने मनात धरायची असते. जाणत्याला ते जमतं. नवख्याला 'मनात काय धरायचं' हेच माहीत नसतं.

नियम येतो कुठून

आता 'बाहेरून माहिती' म्हणजे काय ते पाहू. दोन कणांमधली आंतरक्रिया आपण दोन प्रकारे लिहू शकतो. पहिला: घनता(क्ष) गुणिले घनता(य) गुणिले व्ही(क्ष − य), आणि अर्धं. दुसरा: दोन्ही साय† डावीकडे, दोन्ही साय उजवीकडे, म्हणजे नॉर्मल ऑर्डर. दोन्ही सारखे वाटतात, पण पहिल्यातून दुसऱ्यात जाताना एक साय आणि एक साय† ओलांडावे लागतात, आणि ओलांडताना एक डेल्टा फंक्शन बाहेर पडतं. त्यातून येणारी जादा संज्ञा आहे ½ × व्ही(०) × एकूण कणसंख्या.

ही संज्ञा म्हणजे प्रत्येक कणाची स्वतःशीच आंतरक्रिया. कूलॉम्ब बलासाठी व्ही(०) अनंत आहे, म्हणून ती टाळलीच पाहिजे. नॉर्मल ऑर्डर ती टाळते. दोन कण काढून मगच बल मोजायचं, एकच कण असेल तर दुसरा साय त्याला शून्य करतो.

आता पहिल्या पातळीचं सेल्फ-एनर्जी काढा. हार्ट्री आणि फॉक या दोन्ही संज्ञांमध्ये आंतरक्रिया तात्काळ असल्यामुळे ग्रीन फंक्शनचे दोन्ही काळ समान येतात. कोणती बाजू घ्यायची? हॅमिल्टोनियनमध्ये साय† डावीकडे होता, म्हणून तीच बाजू जिथे साय† डावीकडे जातो: ०⁻. समजा फॉकमध्ये चुकून ०⁺ घेतलं. फरक पडतो फक्त क्ष = य पाशी, उडीच्या डेल्टा फंक्शनइतका, आणि व्ही ने गुणल्यावर उरतं व्ही(०). म्हणजे नॉर्मल ऑर्डरने दारातून बाहेर काढलेली स्व-आंतरक्रिया आपण खिडकीतून आत घेतली.

यातून नियमाचं खरं रूप दिसतं. 'समान काळी ०⁻ घ्या' हा निसर्गाचा नियम नाही. नियम असा आहे: समान काळी ऑपरेटरचा क्रम तोच ठेवा जो हॅमिल्टोनियनमध्ये, किंवा तुम्ही मोजत असलेल्या राशीमध्ये, लिहिलेला आहे. बहुतेक वेळा हॅमिल्टोनियन नॉर्मल-ऑर्डर केलेला असतो म्हणून ०⁻ येतं. पुस्तकांनी दुसरं वाक्य ठळक छापलं आणि पहिलं गाळलं किंवा बारीक अक्षरात टाकलं, ही माझी दुसरी तक्रार.

−०.२५ हे नेमकं कुणाचं उत्तर होतं?

आता माझ्या त्या संध्याकाळकडे. मॉडेल होतं हबर्डचा एकच अणू: ऊर्जा यू × एन↑ × एन↓, केमिकल पोटेन्शियल यू/२, म्हणजे अर्धं भरण. तापमान कमी, बीटा × यू = २०. हे मॉडेल कागदावर पूर्ण सुटतं. दुहेरी भरणाची खरी संभाव्यता आहे सुमारे ०.००००२३, म्हणजे जवळजवळ शून्य. साहजिक आहे, यू मोठा, दोन इलेक्ट्रॉन एकत्र कशाला बसतील?

मी ती काढत होतो गालित्स्की आणि मिगडाल यांच्या १९५८ च्या प्रसिद्ध सूत्रावर आधारलेल्या मार्गाने: सेल्फ-एनर्जी गुणिले ग्रीन फंक्शन, वारंवारतांवर बेरीज, मग यू ने भागा. या एकाच अणूसाठी हा गुणाकार फार साधा निघतो: यू × एन भागिले (आय-ओमेगा + म्यू − यू), जिथे एन = ½. ०⁺ घटकासह बेरीज केली की मिळतं एन × फर्मी(यू − म्यू). कागदावर ताडून पाहा, हे दुहेरी भरणाशी तंतोतंत जुळतं.

घटकाशिवाय, जोडीने बेरीज केली की फर्मी च्या जागी फर्मी − ½ येतं. म्हणून ½ × (जवळजवळ ० − ½) = −¼. आणि हजार वारंवारतांवर तोडलं की −०.२४९७. कोडने गणित चोख केलं होतं.

इथपर्यंत कळल्यावर मी 'बरं, घटक विसरलो' म्हणून पुढे जाऊ शकलो असतो. पण माझ्या सिनिअरने एक प्रश्न विचारला: "चुकीचं उत्तर इतकं नीटनेटकं कसं? बरोबर पाव कसं?"

उत्तर सुंदर आहे. हाच हॅमिल्टोनियन कण आणि छिद्र यांची सममिती दाखवायला असा लिहितात: यू × (एन↑ − ½) × (एन↓ − ½). अर्ध्या भरणाला याची सरासरी काढा: दुहेरी भरण − ½ + ¼, म्हणजे दुहेरी भरण − ¼. म्हणजे माझा कोड चुकीचं उत्तर देत नव्हता. तो *दुसऱ्या प्रश्नाचं* अचूक उत्तर देत होता. जोडीची बेरीज म्हणजे दोन्ही बाजूंची सरासरी, म्हणजेच सी† सी ऐवजी (सी† सी − सी सी†)/२, म्हणजेच एन − ½. मी कोडमध्ये बेरीज कशी करायची हे ठरवताना नकळत हॅमिल्टोनियनचा ऑपरेटर-क्रम बदलला होता.

आणखी एक गोष्ट पाहा. सममित रूपात लिहिलं की अर्ध्या भरणाला सेल्फ-एनर्जीतला स्थिर भाग, यू/२, निघून जातो. मग गुणाकार मोठ्या वारंवारतेला वर्गाच्या दराने मरतो आणि ०⁺ ची गरजच उरत नाही. म्हणूनच काही कोडमध्ये हा घटक दिसत नाही आणि तरी ते बरोबर असतात. तिथे क्रम आधीच हॅमिल्टोनियनमध्ये सोडवलेला असतो. दोन गटांचे कोड ताडून पाहताना ऊर्जेत यू/४ चा फरक दिसला, तर भांडण्याआधी दोघांनी हॅमिल्टोनियन काय लिहिलाय ते पाहावं.

'एक स्थिरांकच तर आहे'

या टप्प्यावर अनुभवी माणूस म्हणेल, एवढं काय त्यात? ½ व्ही(०) × कणसंख्या ही संज्ञा केमिकल पोटेन्शियलमध्ये विरघळते. भौतिकशास्त्र तेच राहतं.

बरोबर आहे, पण दोन अटींवर. एक, तुम्ही सगळीकडे एकच क्रम पाळला असेल. दोन, तुम्ही मोजत असलेली राशी केमिकल पोटेन्शियलच्या मूळ बिंदूवर अवलंबून नसेल. दुहेरी भरण हे विरघळत नाही. घनता विरघळत नाही. आणि सगळ्यात फसवं उदाहरण आहे सुपरकंडक्टरचं.

नांबूच्या पद्धतीत आपण दोन घटकांचा स्तंभ घेतो: वर सी↑, खाली सी†↓. आता ०⁺ घटक सरसकट लावला तर वरच्या घटकातून एन↑ मिळतो, ठीक. पण खालच्या घटकात निर्मिती आणि नाश यांच्या भूमिका बदललेल्या आहेत. तिथे तोच घटक देतो सी↓ सी†↓, म्हणजे १ − एन↓. हवं होतं एन↓. म्हणून खाली उलटी बाजू घ्यावी लागते, आणि काळजीपूर्वक लिहिणारे लोक घातांकात टाउ-तीन हे पाउली मॅट्रिक्स घालतात, वर ०⁺, खाली ०⁻. घटक अजिबात न लावता जोडीने बेरीज केली तर एकूण घनता प्रत्येक स्थानी बरोबर १ ने कमी येते. अर्ध्या भरणाला म्हणजे शून्य!

यादीतला नियम पाठ असणारा विद्यार्थी इथे हमखास फसतो, कारण यादी सांगते 'घटक लावा', आणि त्याने लावलेला असतो. मूळ वाक्य, 'क्रम हॅमिल्टोनियनप्रमाणे', माहीत असेल तर एका मिनिटात सुटतं.

नॉन-इक्विलिब्रिअमकडे वळणाऱ्यांसाठी एक टीप. कामेनेव्ह यांच्या २०११ च्या पुस्तकात समान काळी रिटार्डेड अधिक ॲडव्हान्स्ड = ० हा नियम येतो. पायरी-फंक्शनला शून्यापाशी कोणतीही किंमत द्या, दोघांतून ती एकमेकांना मारते. पुस्तक तो तुकड्यांच्या बांधणीतून काढतं आणि पुढे सातत्याने वापरतं. आधी बांधणी, मग नियम, मग वापर. हा क्रम मला आदर्श वाटतो.

अखंड काळाचा मोह

'हे सगळं विद्यार्थ्यांच्या निष्काळजीपणाबद्दल आहे' असं कुणाला वाटत असेल तर एक शोधनिबंध जरूर वाचा. २०११ मध्ये जस्टिन विल्सन आणि व्हिक्टर गालित्स्की यांनी 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये दाखवलं की कोहेरंट-स्टेट पाथ इंटिग्रल सरळ अखंड काळात लिहून सोडवलं तर दोन अगदी साध्या उदाहरणांत चुकीचं उत्तर येतं. एक आहे एकाच स्थानाचं बोस-हबर्ड मॉडेल, दुसरं स्पिनचं. ऑपरेटर पद्धतीने दोन ओळींत सुटणारी उदाहरणं! अडचण येते जेव्हा हॅमिल्टोनियन त्या बीजगणितातल्या जनकाच्या वर्गाइतका असतो, म्हणजे कणसंख्येचा वर्ग किंवा स्पिनचा वर्ग. आणि कणसंख्येचा वर्ग म्हणजे तरी काय, समान काळी चार ऑपरेटर एका ठिकाणी. पुन्हा तोच प्रश्न.

मला हा निबंध महत्त्वाचा वाटतो तो त्यातल्या सूत्रांपेक्षा एका गोष्टीसाठी. जे रूप आपण वर्षानुवर्षं निर्धास्तपणे लिहितो, ते आपल्याला उत्तर माहीत असलेल्या उदाहरणावर तपासून पाहण्याची हिंमत त्यांनी केली. तपासल्यावर ते मोडलं. तुकड्यांच्या रूपात मधली पायरी असते. अखंड रूपात ती पुसली जाते, आणि तिच्याबरोबर ऑपरेटर-क्रमाची माहितीही पुसली जाते. देखणेपणासाठी मोजलेली ही किंमत आहे. मोजायला हरकत नाही, पण बिल बघून.

मग आपण काय करायचं?

नेट-गेटची तयारी करताना आपल्याला सवय लागते सूत्र ओळखायची आणि त्यात आकडे घालायची. संशोधनात सूत्र कुठल्या गृहीतकावर उभं आहे हे आधी विचारावं लागतं. या विषयापुरत्या मी स्वतःला लावलेल्या तीन सवयी सांगतो.

पहिली: वहीच्या पहिल्या पानावर हॅमिल्टोनियन ऑपरेटर-क्रमासकट लिहायचा. 'यू एन एन' असं मोघम नाही. ½ वजा केलाय का, स्व-आंतरक्रिया काढलीय का, हे स्पष्ट. पुढे प्रत्येक समान-काळ प्रसंगी त्या पानाकडे बोट दाखवता आलं पाहिजे.

दुसरी: वारंवारतेची कोणतीही बेरीज कोडमध्ये टाकण्याआधी मोठ्या वारंवारतेला राशी कशी मरते ते पाहायचं. वर्गाच्या दराने मरत असेल तर निवांत. १ भागिले आय-ओमेगा या दराने मरत असेल तर थांबायचं. त्या शेपटाचा गुणांक काढायचा, शेपूट वजा करून उरलेली बेरीज करायची, आणि शेपटाचा वाटा हाताने परत मिळवायचा: ०⁻ बाजूला गुणांकाच्या +½ पट, ०⁺ बाजूला −½ पट. अजिबात मरत नसेल तर जोडीची बेरीजही फुगत जाईल, आणि तेव्हा निदान धोका दिसेल तरी. खरा धोका मधल्या प्रकारात आहे, जो आवाज न करता चुकतो.

तिसरी: उत्तर माहीत असलेल्या उदाहरणावर कोड आधी चालवायचा. एक पातळी, मग एक अणू. दहा मिनिटं लागतात. मी हे आधी केलं असतं तर... असो.

आणि पुस्तकांबद्दल शेवटचं. पहिल्यांदा शिकत असाल तर कल्पनांसाठी आल्टलँड–सायमन्स घ्या, पण पाथ इंटिग्रल आलं की एक आठवडा नेगेले–ऑर्लंडकडे जाऊन तुकड्यांची बांधणी हाताने करून या. आकृत्यांचे नियम वापरायला फेटर–वालेका उघडा, पण यादीतल्या त्या नियमाशेजारी पेन्सिलीने लिहा: 'कारण साय† डावीकडे आहे.' माझ्या प्रतीत ते लिहिलेलं आहे. त्याच्याखाली आणखी एक आकडा आहे: −०.२४९७.